मामू पंक्चर, मोठ्या कडुलिंबाखाली

नांदेड ते कंधार रस्त्यावर सायकलवाल्यांना हवा, पंक्चर, पाणी आणि सावली कुठं मिळेल, याची जी यादी आज सगळ्यांच्या मोबाइलवर आहे, ती मी एसटीत बसून केलेली आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, तर मुळीच नाही.

आमच्या सायकल ग्रुपात मी एकटाच ग्रंथपाल, त्यामुळं यादी म्हटलं की सगळ्या माना माझ्याकडं वळतात. खिडकीची जागा धरून मी वही उघडली. सोनखेडपर्यंत काम चोख झालं. मग डोळा लागला, तो लोह्याच्या स्टँडवर उघडला. मधला रकाना कोरा! कोरा रकाना मला बघवत नाही (नोकरीचा दोष). मी लिहून टाकलं : 'मामू पंक्चर, मोठ्या कडुलिंबाखाली. गार पाणी मिळेल.' आपल्या भागात कुठल्याही रस्त्याला एक मामू आणि एक कडुलिंब असणारच, असा माझा अंदाज. तरी कुणाला शंका येऊ नये म्हणून पुढं कंसात जोडलं, 'शुक्रवारी दुपारी बंद'.

ग्रुपनं वाहवा केली. मी ती घेतली. वाहवा घेणं मला जमतं.

पण मंगलनं यादी खरी धरली. सत्तेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकलेली ही बाई एकटी माहेरी, कंधारला, सायकलवर जायला निघाली. तिचा भाऊ बालाजी फोनवर हसत होता.

"अक्का, टेम्पो तयार ठेवतो. पन टेम्पोत बसलीस तर सायकल हितंच सोडून जायची. आमच्या गड्याला लई कामाला येईल."

"ठेव तयार," मंगल म्हणाली. "मी सायकलवर आले तर त्यात तू बसायचं. सगळी गल्ली बघेस्तोवर."

निघताना मी विचारलं, "पंक्चरचं सामान घेतलंस का?"

"कशाला? तुमचा मामू हाय की."

हीच वेळ होती. मी घसा खाकरला आणि तिची पाण्याची बाटली भरून दिली.

नऊला फोन आला. "अहो, मागचं चाक बसलं. सोनखेड कधीच मागं गेलं. मामू दिसंना."

आता खरं बोलणं भाग होतं. मी म्हणालो, "नीट बघ."

फोन कटला, तो पुन्हा लागेचना.

मी स्कूटर काढली. वाटभर कबुलीजबाब पाठ करत होतो. तीन मसुदे झाले. सोनखेडच्या पुढं चौथा सुचला, तेवढ्यात माझं मागचं चाक बसलं. दोन्ही बाजूंना मोकळी रानं, डोक्यावर ऊन, आणि मी स्कूटर ढकलतोय (माझ्या यादीप्रमाणं इथंच कुठंतरी गार पाणी होतं).

वळणावर पत्र्याच्या शेडपुढं पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ टरबुजं विकत बसले होते. पायाशी पाण्याचं घमेलं, पंप, रबराचे तुकडे. सायकलवाल्या बाईंचा मी नवरा, त्या इकडं दिसल्या का, असं मी विचारलं.

"बाई गेल्या," ते म्हणाले. "इचारलं, मामू पंक्चरवाले तुमीच का? म्हनलं, मामू तर समदेच म्हन्तेत. पंक्चर हैदराबादेत तीस वर्षं काढले, आता टरबुजं इकतो. बाई ऐकंनात. म्हनल्या, आमच्या मालकानं लिवलंय, ते खोटं लिवत न्हाईत. मग काय, दिलं पंक्चर काढून."

मी टरबुजांकडं बघू लागलो.

"शुक्रवारी दुपारी मी नमाजला जातो, ते बी लिवलं तुमी. कसं कळलं?"

"अंदाज."

"आन् कडुलिंब कुठं हाय?"

मी चहूकडं पाहिलं. बाभळसुद्धा नव्हती.

स्कूटरचं चाक खोलत मामू म्हणाले, "मी कुनाला बोलत न्हाई. पन झाड लावा."

कंधारला पोचलो तर मंगल ओट्यावर ताक पीत बसलेली, आणि दारातल्या टेम्पोत बालाजी. सगळी गल्ली बघत होती.

"दाजी, उतरू का आता?" त्यानं मला विचारलं.

"माझं ताक होऊ दे," मंगल म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "कडुलिंब तेवढा दिसला नाही. बाकी यादी एक नंबर."

आज तिथं 'मामू पंक्चर' अशी पाटी आहे. रविवारी आठ-दहा सायकली उभ्या असतात. मंगल आता बायकांची तुकडी घेऊन पार जळकोटपर्यंत जाते, आणि यादी करणाऱ्याचं, म्हणजे माझं, जिथं तिथं कौतुक करते.

मी रोप लावलं. ते शेळीनं खाल्लं. दुसरं लावलं, ते माझ्या गुडघ्याला लागतं. त्याच्या सावलीत सध्या एक हेल्मेट मावतं.

उरलेली सावली मी मामूंना अजून देणं लागतो.