पाच मिनिटांची फांदी

गैबी मुल्ला झाडावर चढायला लागला की गारगोटीच्या आसपासच्या वाड्यांमधली माणसं हातातलं काम टाकून बघत उभी राहायची. तो आधी पायताण बुंध्याशी जोडीनं काढून ठेवी. टोपी मागं सरकवी. झाडाला हात लावून तोच हात कपाळाला लावी, आणि मग कमरेला दोर असून नसल्यासारखा सरसर वर जाई. शेंड्याजवळ पोचला की खालच्यांना एक लांब आरोळी देई. खाली चार पोरं आणि एक शेळी असली तरी त्याची आरोळी भरल्या जत्रेला पुरेल एवढी असायची. असा माणूस पन्नाशीला आला तरी त्याच्या अंगात आलेलं काम उतरत नाही.

विजेच्या तारांना भिडलेल्या फांद्या तोडायच्या, हे त्याचं काम. पावसाळ्याच्या आधी, सगळा मे महिना. ठेकेदार बदलत गेले, गैबी तोच राहिला. सव्वीस वर्षं. त्या सव्वीस वर्षांत त्याचं नाव वीजवाल्यांच्या एकाही कागदावर चढलं नव्हतं. झाड तोडायच्या आधी लाइन बंद करायची म्हणजे सबस्टेशनातून परमिट घ्यावं लागतं. त्या परमिटावर नाव असतं ते वायरमनचं. इथं ते विजयसिंहाचं. काम झालं की विजयसिंहच त्यावर ‘पूर्ण’ असं लिहून सही करायचा आणि लाइन पुन्हा चालू व्हायची. वर कोण चढलं होतं, याला त्या कागदावर रकानाच नव्हता.

गैबीला अक्षरओळख बेताची, पण स्वतःचं नाव ओळखण्यापुरती होती. दर परमिटाला तो विजयसिंहाच्या खांद्यावरून डोकावायचा. विजयसिंह हसायचा. म्हणायचा, तुझं नाव लिहिलं तर कागदच झाडावर चढून बसंल. घरी त्याची बायको लालबी याहून बोचरं बोलायची. सव्वीस वर्षं ज्यांच्या दारात राबताय, त्यांना तुम्ही जन्मलाय हे तरी ठाऊक हाय का, असं ती भाकरी थापता थापता विचारायची. यंदा मात्र विजयसिंहानं शब्द दिला होता. बुधवारी तपासणीला मोठे साहेब येणार होते. सगळी लाइन स्वच्छ दिसली की तो साहेबांपुढं गैबीचं नाव घालणार होता, हजेरीपटावर घ्या म्हणून. गैबीला आयुष्यात तेवढं एकच हवं होतं.

सोमवारी लाइनवाल्यांची टोळी शालूआक्काच्या परड्यात आली. शालूआक्का म्हणजे सत्तरीची एकटी बाई. दोन म्हशी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीला आलेली नात स्वप्नाली. परड्यात तिच्या सासऱ्यानं लावलेला फणस. अकरा हजार व्होल्टची लाइन नंतर आली आणि बरोबर त्याच्या डोक्यावरून गेली, यात फणसाचा काय दोष? गैबीनं दुपारपर्यंत निम्मं झाड उतरवलं. तारेकडं गेलेली शेवटची मोठी फांदी तेवढी राहिली. त्या फांदीला अकरा फणस होते. शालूआक्का तिच्या खाली येऊन मांडी घालून बसली. वरून पाडा, माझ्या डोक्यावर पाडा, म्हणाली. गैबी वरून विनवत राहिला, विजयसिंह खालून घड्याळ दाखवत राहिला. परमिटाची वेळ संपली. विजयसिंहानं फांदी तशीच सोडली, कागदावर ‘पूर्ण’ लिहिलं आणि लाइन चालू करायला लावली.

शालूआक्का गप्प बसणारी नव्हती. त्याच संध्याकाळी तिनं स्वप्नालीकडून वहीच्या पानावर अर्ज लिहवून घेतला. लाइनवाल्यांच्या टोळीतला गैबी मुल्ला नावाचा झाडतोड्या सोमवारी माझ्या परड्यात आला, माझा फळता फणस त्यानं निम्मा तोडला, राहिलेला तोडायला परत येणार आहे, असा मजकूर. बुधवारी साहेब येणार हे तिलाही कळलं होतं. ती तो अर्ज साहेबांच्या हातात देणार होती.

विजयसिंहाच्या कानावर हे गेलं आणि मंगळवारी त्यानं गैबीला पाठवलं. काय वाटेल ते कर, कागद घेऊन ये.

त्या मंगळवारी गैबीनं शालूआक्काच्या सोप्यात जे काम केलं, त्याला तोड नाही. प्रेक्षक एकच, तोही रुसलेला. त्यानं आधी उंबऱ्याबाहेर बसून पाणी मागितलं. मग म्हशीची चौकशी केली. मग झाडाकडं बघून खरोखरच डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाला, सोमवारी हा हात कोयत्यासकट गळून का पडला न्हाई. म्हातारी विरघळली. त्याला आत चुलीपुढं बसवून चहा टाकला. तेव्हा त्यानं शेवटचा तोडा घेतला.

“आक्का, लाइनीचं काम संपलं. तुमच्या झाडाला आता कुणी हात लावणार न्हाई. माझं नावच पिराचं हाय. गैबी पिराची शपथ घेतो.”

शालूआक्कानं फडताळातून कागद काढून दिला. गैबीनं तो उलगडला. ओळींमधून बोट फिरवत तो थांबला. तिथं त्याचं नाव होतं, आणि नावाच्या मागं लाइनवाल्यांची टोळी होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं ही दोन्ही एका कागदावर पाहिली. क्षणभर त्याला तो खिशात घालावासा वाटला. पण म्हातारी बघत होती आणि सोंग पुरं करायचं होतं. त्यानं कागद चुलीत सारला. चहा त्याच जाळावर उकळला.

बुधवारी पहाटे विजयसिंह त्याच्या दारात हजर. ती फांदी साहेबांना रस्त्यावरून दिसणार. कागदावर तर ‘पूर्ण’ लिहिलेलं. आता दुसरं परमिट मागावं तर सोमवारची सही खोटी ठरते. “पाच मिनिटांचं काम हाय, गैबू. एका फांदीसाठी कोण लाइन बंद करतंय? लाइन चालू असू दे. आज हे कर, आजच तुझं नाव घालतो.”

पाच मिनिटांचं म्हणणं खोटं नव्हतं. एकदोन फांद्या चालू लाइनीवर काढायची रीतच पडली होती. त्यासाठी गैबीकडं खास बांबू होता. दोन वर्षं आढ्यावर वाळवलेला, टोकाला आकडी बांधलेली. तो दुसऱ्या कुणाला त्या बांबूला ओला हात लावू देत नसे. वाळक्या बांबूतून वीज उतरत नाही; त्यानं लांबून फांदी तारेपासून बाजूला ओढली तर धोका नसे. पण दहा हातांचा बांबू खांद्यावर घेऊन शालूआक्काच्या वाडीतून गेलं की गैबी फांदी तोडायला निघाला हे तिला घरात बसून कळलं असतं. काल घेतलेली शपथ ताजी होती. म्हणून त्यानं बांबू आढ्यावरच ठेवला. कोयता पोत्यात गुंडाळला, पोतं काखेत मारलं आणि म्हातारी डेअरीला दूध घालायला गेल्यावर मागच्या कुंपणातून आत शिरला. पायताण कुंपणाबाहेर दडवलं. आरोळी दिली नाही.

विजयसिंह रस्त्याच्या वळणावर गाडीवर बसून होता. तिथून झाड दिसत नव्हतं.

फांदी चिकानं भरलेली, ओली. चौथ्या घावाला ती अकरा फणसांच्या वजनानं लवली आणि शेंडा तारेला टेकला. गैबीचा उजवा हात तेव्हा फांदीवर होता.

शालूआक्का रिकामी किटली घेऊन परतली तेव्हा तो झाडाखाली पडलेला होता. शेजारी पोतं, कोयता आणि तुटून आलेले दोन फणस. तिनंच आरडाओरडा करून माणसं जमवली, त्याच्या तोंडात पाणी घातलं, जीप येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरून बसली. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्याचा हात खांद्यापासून काढला.

दहाव्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आला. गैबीनं सगळं सांगितलं. हवालदार भला माणूस होता, त्यानं सगळं लिहूनही घेतलं. पण लाइनवाले म्हणाले, बुधवारचं परमिटच नाही, त्या झाडाचं काम सोमवारी पूर्ण झालंय, ही सही. ठेकेदार म्हणाला, माझ्या यादीत असा माणूस नाही. विजयसिंहाला दोन मुलं होती आणि निवृत्तीला चार वर्षं. त्यानं सांगितलं, मी त्या दिवशी गारगोटीला होतो. सांगताना त्याला घाम फुटला होता म्हणतात. पण जबाबात घाम उतरत नाही.

राहिली शालूआक्का. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. तिनं जे घडलं तेच सांगितलं. लाइनीचं काम संपलं हे आदल्या दिवशी गैबीनं स्वतः माझ्या चुलीपुढं सांगितलं, पिराची शपथ घेऊन. बुधवारी मी घरात नसताना तो मागच्या कुंपणातून आला. पोतं घेऊन आला. आता पोतं कशाला आणतात, साहेब, ते तुम्हीच बघा.

आणि गैबीचं नाव कागदावर चढलं. फणस चोरण्यासाठी झाडावर चढला असता तारेचा धक्का लागून जखमी.

महिन्याभरानं तो घरी आला. गल्लीतली पोरं त्याला ‘फणस्या’ म्हणायला लागली होती. ज्या पोरांनी त्याच्या आरोळीला आरोळी दिली होती, तीच. लालबीनं सुरुवातीला दोघातिघांना चपलेनं बडवलं, मग तिचाही हात थकला. ती आता टोमणे मारत नव्हती, आणि ते गैबीला जास्त लागायचं.

जून सरता सरता एका दुपारी शालूआक्का आली. एसटीनं, डोक्यावर केवढा तरी फणस घेऊन. उंबऱ्यात तो उतरवला, पदरानं तोंड पुसलं, गैबीच्या रिकाम्या बाहीकडं बघून रडली. मग म्हणाली, “मागितला असतास तर दिला नसता व्हय रं, लेकरा? चोरायला कशापायी चढलास?”

गैबी भिंतीला टेकून बसला होता. त्यानं लालबीकडं पाहिलं, मग म्हातारीकडं. एवढी एक बाई उद्या पोलिसांत जाऊन बोलली, तर सगळं फिरणार होतं. त्यासाठी त्याला फक्त खरं बोलायचं होतं.

“आक्का, मी चोरायला न्हवतो चढलो. तुमची फांदी तोडायला चढलो होतो. शपथ खोटी होती.”

शालूआक्कानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. त्याच तोंडानं तिला मंगळवारी रडवलं होतं. त्या दिवशीचं रडणं खरं आणि आजचं कोरडं बोलणं खोटं, असंच तिला दिसलं असणार. ती उठली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

“न्हाई रं. पिराच्या नावानं खोटं बोलणारा तू न्हवंस. चोरी मी पोटात घातली, लेकरा. आता तिच्यापायी पिराला मधी वडू नगंस.”

जाता जाता तिनं लालबीला सांगितलं की फणस चांगला कापा आहे, कडक गऱ्यांचा, दोन दिवसांत पिकेल. ती फांदी लाइनवाल्यांनी गेल्या आठवड्यात रीतसर परमिट घेऊन तोडली, त्यातलाच हा एक. विजयसिंह भला माणूस, सगळे फणस त्यानं सोप्यात आणून दिले.

दोन दिवसांनी घरभर वास सुटला. लालबीनं विळीला आणि हाताला खोबरेल लावलं, फणस पुढ्यात घेतला. एवढा मोठा फणस एकटीला चिरवत नाही. कुणीतरी समोरून दोन्ही हातांनी धरावा लागतो. दर वर्षी तो गैबी धरायचा. सवयीनं ती म्हणाली, “धरा की.”

गैबी पुढं सरकला आणि त्यानं डावा हात पुढं केला.