खिडकीतली तीन डाळिंबं

माझे वडील, ईश्वर, पोस्टातून निवृत्त झाले आणि माझ्या डोक्याला ताप होऊन बसले. नोकरीत असताना कुणा परदेशी पत्रमित्रामुळे त्यांना इडो भाषेचा नाद लागला. शंभरेक वर्षांपूर्वी युरोपातल्या लोकांनी ठरवून बनवलेली ही भाषा. आमच्या ओळखीत ती येणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या घरात! तिचा मराठी शब्दकोश ते करताहेत. बरं, नुसता अर्थ लिहून भागत नाही. क्रियापद डोळ्यांदेखत घडल्याशिवाय वहीत चढवायचं नाही, हा त्यांचा नियम.

दिवाळीनंतर ‘पुत्रार’ आलं, म्हणजे सडणं. पुत्राशी काही नातं नाही, मूळ लॅटिनचं. झालं, खिडकीत तीन डाळिंबं मांडली. सडतंय ते पुत्रास, सडलं ते पुत्रिस, सडेल ते पुत्रोस. सडवणं म्हणजे पुत्रिगार. आणि सडायला लागणं, पुत्रेस्कार. ते लागण्याची वेळ नेमकी पकडायची म्हणून भिंग घेऊन तासन्‌तास बसायचे.

इकडे बाबांच्या पायाच्या अंगठ्याला जखम. शुगरनं पाय बधिर, दुखलेलं कळत नाही. रोज पट्टी सोडून बघा, नाहीतर पाय जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. ऑफिसला निघताना मी रोज विचारायची, “बाबा, पट्टी बदलली का?”

“व्हय गं, बदलतो की. आदी हे डाग बघू दे.”

घरभर घाण वास. जेवण जाईना. शेजारच्या चांगुणाकाकू नाकाला पदर लावून चौकशीला आल्या. वास सुटल्याच्या आठव्या दिवशी माझं डोकं फिरलं. तिन्ही डाळिंबं उचलून घंटागाडीत टाकली.

“अगं, पुत्रेस्कार ऱ्हायलं की!” बाबा ओरडले.

“राहू दे!” मी फिनाईलनं सगळी फरशी पुसली, तेव्हा कुठे बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वास तसाच. बाबांच्या पायाशी जास्त. मी खाली बसून पट्टी सोडली. अंगठा काळा पडला होता.

“दुखत न्हाय गं,” ते म्हणाले.

अंगठा काढावा लागेल, पाऊल वाचतंय का बघू, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, “वास कधीपासून येतोय?”

“आठ दिवस झाले.”

“मग तेव्हाच का नाही आणलंत?”

आठ दिवस मी डाळिंबांना शिव्या घालत होते.