शी-सर

वर्गात कुणी उपदेशाचा सराव करत असला आणि मागच्या बाकावरून स्पष्ट 'शी' ऐकू आलं, की त्यानं समजायचं, आपण आता खोटं बोललो. ख्रिस्ती पाळक घडवणाऱ्या आमच्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीचे प्राचार्य उपदेश करायला स्वतः शिकवत, आणि भातात केस निघाल्यासारखा चेहरा करून ऐकत. पाठीमागे आम्ही त्यांना शी-सर म्हणायचो.

सडक अर्जुनीकडच्या शेतकऱ्याचा हा मुलगा. बरीच वर्षं खेड्यांतल्या चर्च-मंडळ्यांत पाळक, मग शिक्षक, मग प्राचार्य. पद वाढलं तसा दिखाव्याचा वीटही वाढला. सत्काराचा हार जवळ आला की मान मागे घेत. एकदा एकानं उपदेशात गळा काढून रडून दाखवलं, तर शांतपणे म्हणाले, "रडू घरूनच बांधून आणलं काय रे?" तो बिचारा जेवायलाच आला नाही. रात्री सर ताट घेऊन त्याच्या खोलीत गेले आणि तो जेवेपर्यंत बसून राहिले.

माझं सांगायचं तर मला माझीच किळस येते. शेवटच्या वर्षी चिचगडच्या एका म्हातारीच्या दफनाला उपदेश करायला त्यांनी मला नेलं. हीच माझी परीक्षा. त्यांची सही झाली की पाळकपदाची दीक्षा. माझ्या मोबाईलवर आदल्या महिन्यात दुसऱ्या गावी एका दफनाला केलेला उपदेश होता. नुसतं नाव बदललं की भागतं, आम्ही सगळे तेच करायचो. मी दोन ठिकाणी बदललं, तिसऱ्या ठिकाणी राहिलं. शवपेटीपुढे उभं राहून मी मार्थाबाईला स्वर्गात पोचवलं.

म्हातारीची मुलगी फुलवंती उठून उभी राहिली. "माह्या मायचं नाव सगुणा होतं," ती म्हणाली. "हे मार्था कोण?"

सर 'शी' म्हणाले नाहीत. त्यांनी तिची माफी मागितली आणि उरलेला विधी स्वतः केला. परतताना देवरीच्या बसमध्ये सरांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "तिच्या घरी जा. तिची माय कशी होती ते आईक अन् मले येऊन सांग. तवाच सही करीन."

मी गेलो नाही. एका नावासाठी हा माणूस माझं वर्ष खातो म्हणून धुमसत राहिलो, त्यांना नमस्कार करणंही सोडलं. धानाची कापणी झाली तरी गेलो नाही. त्या हिवाळ्यात सर वारले. नव्या प्राचार्यांनी मला बोलावलं, माझं एक वाक्यही न ऐकता चहा पितापिता सही केली आणि अभिनंदन केलं. जिच्यासाठी इतके महिने कुढलो ती सही बघून माझ्याच तोंडून 'शी' निघालं.

दुसऱ्या दिवशी चिचगड गाठलं. फुलवंती अंगणात धान पाखडत होती. तिनं ओळखलं, पण बसा म्हणाली नाही. तुमच्या मायबद्दल ऐकायला आलो, असं मी कसंबसं सांगितलं.

"तुमचे सर दोनदा येऊन गेले," ती सूप खाली ठेवत म्हणाली. "इचारत होते, तो आला काय. मी म्हटलं, नाही. तर म्हणे, येईल तो, त्याले हाकलू नका. म्हणून बसा."