‘ओ’चा रकाना

परदेशी बिऱ्हाड हलवायचं म्हणून कुणी सल्ला घ्यायला आलं, की तायडे काका त्याला सगळं समजावून सांगायचे. मग खिडकीशी उभे राहून, त्या देशाच्या दिशेला तोंड करून, त्याच माणसाला नावाने हाक मारायचे. माणूस तर त्यांच्या पाठीमागे खुर्चीत बसलेला. काका कान देऊन ऐकत राहायचे. मला पहिल्यांदा वाटलं, म्हातारा सटकला आहे.

मी अमरावतीचा. संत्र्याची प्रतवारी करणाऱ्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. युरोपात गिऱ्हाइकं मिळू लागली, तेव्हा तिकडेच कंपनी काढून बायको-मुलीसह राहायला जावं असं डोक्यात बसलं. पण कुठे, ते काही ठरेना. म्हणून अकोल्याला, जुन्या शहरात मोर्णेकाठी राहणाऱ्या काकांकडे गेलो. ते जिल्हा परिषदेतून लघुलेखक म्हणून निवृत्त झालेले. स्वतः कधी देशाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. पण एकुलत्या एका मुलाला, विजूला, बाहेर जायचं होतं, तर वर्षभर बसून त्यांनी पंधरा देशांचे नियम वाचले आणि न्यूझीलंड निवडून दिलं. तेव्हापासून लोक त्यांच्याकडे येऊ लागले.

काकांनी माझ्यापुढे कागदाचा मोठा ताव पसरला. दुबईत कंपनी झटपट होते, पण फार दिवस बाहेर राहिलं तर परवाना जातो. एस्टोनियात घरबसल्या कंपनी निघते, पण त्यावर तिथे राहता येत नाही. “म्हंजे दुकान तिथं अन् दुकानदार अमरावतीले,” काका म्हणाले. पोर्तुगालचे कागद रखडतात, पण माणसाला पाय रोवता येतात. कर, बँक, आजारपण, शाळा, सगळे रकाने मोत्यासारख्या अक्षरांत भरलेले. शेवटच्या रकान्याचं नाव होतं ‘ओ’. हे काय, म्हणून मी हसत विचारलं.

“जिथून हाकेले ओ येते, तिथं मानूस राहते. जिथून येत नाई, तिथं नुसता परवाना राहते.”

ते खिडकीशी गेले. दुबईकडे तोंड करून “सुनील” म्हणाले. काही नाही. फुली मारली. एस्टोनिया. फुली. खाली नदीत जलकुंभी माजलेली, ऊन रणरणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. काका थोडे पश्चिमेला वळले आणि तिसऱ्यांदा हाक मारली.

ओ आली. लांबून, माझ्याच आवाजात, जरा दचकलेली. मी तोंड उघडलं नव्हतं, शपथ घेऊन सांगतो. कपातला चहा माझ्या पँटवर सांडला. काकांनी शांतपणे बरोबरची खूण केली आणि मला पुसायला फडकं दिलं.

जिना उतरताना काकूंनी हळूच सांगितलं. विजूचं बापाशी फोनवर बिनसलं, त्याने नंबर बदलला, त्याला पाच वर्षं झाली. काका रोज सकाळी आंघोळ करून त्याला हाक मारतात. मला राहवलं नाही. परत वर जाऊन विजूचा ताव पाहायला मागितला. त्यावरचा ‘ओ’चा रकाना कोरा होता. फुली का मारली नाही, असं विचारलं.

“काहून मारू? उशीर लागते एखाद्याले.” मग ताव घडी घालत म्हणाले, “देश म्याच निवडला, लेका. सारं पाह्यलं. हाक मारून तेवढी पाह्यली नाई.”

आम्ही पोर्तुगालला आलो. चार वर्षं झाली. मुलगी इथल्या शाळेत रुळली, कंपनीही चालते आहे. आम्ही खरोखर राहिलो.

गेल्या महिन्यात सकाळी ऑफिसात एकटाच कप विसळत होतो. मागून हाक आली, “सुनील.” आवाज काकांचा. एकाच हाकेला ओ देऊ नये, ती माणसाची नसते, असं आई लहानपणापासून बजावायची. ते आठवायच्या आत माझ्या तोंडून ओ निघून गेली. दचकलेली. आणि ती मला ओळखू आली. अकोल्यात ऐकलेली हीच होती.

लगेच अकोल्याला फोन लावला. काकूंनी उचलला. काका जाऊन आठ दिवस झाले होते.

शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखी विजूला हाक मारली, बराच वेळ खिडकीशी उभे राहिले, आणि “आली” म्हणाले. विजूच्या तावावर बरोबरची खूण केली, मग जे आडवे झाले ते उठलेच नाहीत. काकू रडत होत्या. “भरमच झाला त्याह्यले. पोराचा तं आजपावतो फोन नाई.”

मी एवढंच म्हणालो, काकू, तुमचा नंबर बदलू नका. काकांचा ताव खरा आहे.

विजूची ओ काकांना पोचली आहे. त्याने ती द्यायची तेवढी राहिली आहे.