पहिलं पाणी झाडाला

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. कारण यात माझी एक लबाडी आहे, आणि ती गाळून मावशींबद्दल लिहायला बसलं की सगळंच गुळगुळीत आणि खोटं वाटायला लागतं. आज सकाळी म्हटलं जाऊ दे, एका दमात टाइप करायचं आणि वर जाऊन वाचायचंच नाही. चुका असतील तर सांभाळून घ्या.

मावशी म्हणजे आमच्या इमारतीतल्या इस्त्रीवाल्या मावशी. नात्याच्या नाहीत, पण मी रांगत होते तेव्हापासून त्या मावशीच आहेत. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, त्या तळमजल्यावर. पुढे दुकान, मागे एक खोली, खोलीच्या मागे पाच पायऱ्या उतरून एवढंसं अंगण. दुकानात एक लांब टेबल, त्यावर जुन्या चादरींचे इतके थर की टेबल मऊ लागतं. वय अडुसष्ट. उंची माझ्या खांद्याइतकी. आवाज मात्र दुसऱ्या मजल्यापर्यंत चढतो, लिफ्ट नसली तरी.

मावशी गल्लीतली माणसं चेहऱ्यावरून नाही, कॉलरवरून ओळखतात. मागच्या बाजूने झिजलेली कॉलर म्हणजे माणूस सारखा मान वर करून साहेबाकडे बघतो. पुढून झिजली तर मान खाली घालून बसणारा. माझ्या बाबांची कॉलर सगळीकडून सारखी झिजते. मावशी म्हणतात, हा माणूस फक्त झोपतो.

त्यांचं खरं काम मात्र दुकानातलं नाही. एकतीस वर्षं त्या आमच्या चर्चमधल्या वेदीची कापडं धुतात. मिस्सेच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या, वेळी प्याला आणि ताटली ज्यावर ठेवतात तो चौकोनी रुमाल, प्याला पुसायचे छोटे रुमाल आणि वेदीवरचं मोठं पांढरं कापड. रविवारी गाठोडं येतं, शनिवारी घड्या परत जातात. पैशासाठी नाही. नवरा गेला त्या वर्षी त्यांना प्रार्थना करताच येईना, शब्दच सुचेनात, तेव्हा आधीच्या फादरनी हे गाठोडं हातात दिलं. म्हणाले, शब्द राहू दे, एवढं कर. तेव्हापासून हीच त्यांची प्रार्थना. इस्त्रीचा एक हात एका माणसासाठी. आजारी असलेल्यांसाठी दोनदा फिरवतात.

आणि यात एक नियम आहे. पहिलं पाणी मोरीत जात नाही. त्या रुमालांवर ख्रिस्तप्रसादाचा, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानून देतात त्या भाकरीचा, एखादा कण राहिलेला असू शकतो, डोळ्याला न दिसणारा. म्हणून रुमाल आधी साध्या पाण्यात भिजवायचे, साबण नाही, आणि ते पाणी मातीत ओतायचं, जिथे कोणाचा पाय पडत नाही. मावशींच्या अंगणात भिंतीला लागून एक झाड आहे, कसलं ते कोणालाच माहीत नाही. त्याच्या मुळाशी. मग दुसरं पाणी, मग साबण, मग बाकी सगळं.

तर या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो आणि जो तो एखादी सवय सोडतो त्या दिवशी, मावशी कपाळावर राख लावून चर्चमधून घरी आल्या आणि स्वतःच पुसलेल्या दुकानाच्या पायरीवरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं. मी आणि आई धावत खाली गेलो तर त्या पायरीवर बसलेल्या, हात मांडीवर, आणि म्हणतात काय, "राख लावताना फादर म्हणाले मातीला मिळशील. मला वाटलं थोडी तरी सवड देतील."

प्लास्टर ईस्टरनंतरच निघेल असं डॉक्टर म्हणाले.

दुकान त्यांच्या भाचीने सांभाळलं. पण वेदीच्या कापडांचं काय? दुसऱ्याच दिवशी नवीन फादर भेटायला आले. चांगले आहेत, तरुण आहेत, मावशींची काळजीही आहे त्यांना. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "मावशी, आता विश्रांती घ्या. चौकात मशीनची लॉन्ड्री आहे, ते करतील. एकतीस वर्षं पुष्कळ झाली."

मावशींचा चेहरा मी पाहिला. मोडलेला हात दुखत होता तेव्हाही तसा झाला नव्हता. आणि माझं तोंड नेहमीसारखं माझ्या आधी धावलं. "मी करीन ना फादर. त्या सांगतील, मी करीन."

फादरनी माझ्याकडे बघितलं. ते मला ओळखतात. मिस्सेला उशिरा येऊन खांबामागे उभी राहून फोन बघणारी ती मीच. म्हणाले, "ठीक आहे. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारपर्यंत बघू. नीट झालं तर राहू दे मावशींकडे. नाही जमलं तर ईस्टरनंतर लॉन्ड्री."

ते गेल्यावर मावशी म्हणाल्या, "एक्सप्रेस, तुला रुमाल आणि टॉवेल यातला फरक माहितीये का?"

मला त्या एक्सप्रेस म्हणतात. कुठल्याच स्टेशनवर थांबत नाही म्हणून.

"उपवासकाळात काय सोडलंत मावशी तुम्ही?" मी विचारलं.

"टोमणे."

"कधीपासून?"

"आत्ता हा दिला ना, त्यानंतरपासून."

आणि खरंच सोडले. मला पहिल्यांदा पटलंच नाही. मी पहिल्या शनिवारी रुमालाची घडी घातली, तीन आडव्या, तीन उभ्या, नऊ चौकोन, कडा आत वळवून, म्हणजे काही कण असलाच तर आतच राहील. माझी घडी समोशासारखी झाली. मावशींनी ओठ घट्ट मिटले. नाकातून मोठा श्वास घेतला. म्हणाल्या, "उलगड. परत." एवढंच. मला कळत होतं आत किती काय काय उकळतंय ते.

असे पाच आठवडे. मेणाचा डाग आधी बर्फ लावून खरवडायचा, मग वरखाली टीपकागद ठेवून कोमट इस्त्री. प्याल्यातल्या द्राक्षारसाच्या डागावर उंचावरून उकळतं पाणी. प्याला पुसायच्या रुमालावर गडद लाल ठसा दिसला तेव्हा मी म्हटलं, हा पण द्राक्षारस का? मावशींनी रुमाल उजेडात धरला आणि वरच्या आळीतल्या एका बाईंचं नाव जिभेच्या टोकावर आलेलं गिळलं. "लिपस्टिक आहे. तिच्यासाठी एक हात जास्त फिरव," म्हणाल्या. मी एवढी हसले की पाण्याची बाटली सांडली.

आणि खरं सांगू, मला बरं वाटायला लागलं होतं. मी काही फार भाविक वगैरे नाही. पण शनिवारी दुपारी ते कापड गरम असतं, त्यातून ओल्या दोऱ्याचा वास येतो, आणि मावशी शेजारी बसून हळू आवाजात नावं सांगतात. हा हात तुझ्या आजोबांसाठी. हा त्या दुधवाल्याच्या बायकोसाठी, तिला दिवस गेलेत. हा फादरसाठी, बिचाऱ्याला स्वयंपाक येत नाही. मी फक्त इस्त्री फिरवायची. मला वाटायचं मी काहीच करत नाहीये, आणि तरी काहीतरी होतंय.

आता ती लबाडी.

ईस्टरच्या आधीचा रविवार झावळ्यांचा, त्याच्या आदल्या दिवशीचा शनिवार. मावशी प्लास्टर दाखवायला दवाखान्यात गेल्या होत्या. मला पाच वाजेपर्यंत कॉलेजचं असाइनमेंट पाठवायचं होतं, अर्धंच झालं होतं, फोन स्पीकरवर, पलीकडे मैत्रीण रडतेय की सर्व्हर बंद पडलाय. मी रुमाल भिजवले, पिळले, आणि तांब्याचं घंगाळ उचललं. पाच पायऱ्या उतरून झाडापर्यंत जायचं. मोरी हाताशी. हात कलला आणि पाणी गेलं. पहिलं पाणी. गळगळ आवाज झाला आणि मी तशीच उभी.

तासाभराने मावशी आल्या. चप्पल काढता काढता विचारलं, "पहिलं पाणी झाडाला घातलंस ना?"

"हो."

एवढा छोटा शब्द. मला वाटलं होतं निघून जाईल तो पण, पाण्यासारखा.

नाही गेला. रविवारी सगळे हातात झावळ्या घेऊन गात आत गेले, मीपण गायले, आणि वेदीवर तो रुमाल पांढराशुभ्र, नऊ चौकोन, एकदम परफेक्ट. आई कौतुकाने म्हणाली, "बघ, किती छान धुतलंयस." मी हातातली झावळी मोडत राहिले. सोमवार. मंगळवार. तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात, पाणी ते पाणी. मीपण मला तेच सांगत होते. पण मावशी एकतीस वर्षं, तापात, पावसात, पाय सुजलेला असताना, त्या पाच पायऱ्या उतरल्या होत्या. एकदाही चुकल्या नव्हत्या. आणि मी त्यांचा हात होते. म्हणजे चुकला तो त्यांचा हात.

बुधवारी संध्याकाळी आम्ही गुरुवारच्या मिस्सेचं मोठं कापड इस्त्री करत होतो. मावशी म्हणाल्या, हा हात तुझ्यासाठी. आणि मला रडूच फुटलं. इस्त्री बाजूला उभी केली आणि सगळं सांगून टाकलं, मोरी, फोन, हो म्हटलेलं, सगळं.

मी वाट बघत होते की मावशी आता तरी एक सणसणीत टोमणा मारतील. मारला असता तर किती बरं झालं असतं. त्या उठल्या, डाव्या हाताने भिंत धरत मागच्या पायऱ्या उतरल्या. मी मागे. मोरीचा पाइप अंगणाच्या कोपऱ्यात जिथे बाहेर पडतो आणि गटारात उतरतो तिथे जाऊन उभ्या राहिल्या. प्लास्टरचा हात गळ्यात, तरी जमेल तशी क्रुसाची खूण केली आणि प्रभूची प्रार्थना म्हटली. मीपण म्हटली, नाक ओढत.

मग म्हणाल्या, "रडू नकोस. शुक्रवारी प्रभू मेला, रविवारी उठला. मधल्या शनिवारी कुठे होता?"

"कबरेत."

"त्याहून खाली. पार तळाशी गेला होता, मेलेल्यांना घेऊन यायला. तुझी मोरी त्याच्यापुढे काय गं." डाव्या हाताने पदर माझ्या नाकाला लावला. "पाण्याचं एवढं नाही. तू हो म्हणालीस, त्याचं वाईट वाटलं."

आणि पायऱ्या चढताना म्हणाल्या, "उद्या मी फादरना सांगणार."

"मावशी, नका ना. त्यांनी काय म्हटलं होतं विसरलात का? नीट झालं तरच. ते काम काढून घेतील."

"घेऊ देत."

"पण चूक माझी आहे."

"काम माझं आहे. खोट्याची घडी घालून मी वेदीवर कशी पाठवू? एकतीस वर्षं मिळालं. तेवढंच असेल."

त्यांचा आवाज शेवटी किंचित हलला. मी तो कधी हललेला ऐकला नव्हता. मग मला राहवेना. मी तशीच निघाले, पायात आईच्या चपला, हाताला इस्त्रीचा वास, थेट फादरच्या घरी. ते एकटेच सूप ढवळत होते. मी दारातूनच सगळं सांगितलं, श्वास न घेता. चूक मी केली, खोटं मी बोलले, मावशी उद्या स्वतःवर घेणार आहेत, आणि तुम्ही त्यांचं काम काढलंत तर त्या प्रार्थना कशाने करतील ते मला सांगा.

फादरनी गॅस बंद केला. बसायला सांगितलं. चमचा पुसून ठेवला. मग म्हणाले, "एक सांग. हेच पाणी चौकातल्या लॉन्ड्रीत गेलं असतं, तर मला येऊन कोणी सांगितलं असतं का?"

"त्यांना माहीतच नसतं."

"हो ना." ते उठले. "कापडं मावशींकडेच राहतील. त्यांना सांग. नाही, थांब, मीच येतो."

आणि आले. सूप तसंच टाकून. मावशी त्यांना म्हणाल्या, "बसा फादर, जेवूनच जा," आणि मग त्यांनी डाव्या हाताने डोळे पुसले, आणि मी इस्त्री परत लावली कारण मोठं कापड अर्धंच झालं होतं.

गुरुवारी ते वेदीवर होतं. त्याच रात्रीच्या मिस्सेनंतर, दरवर्षीप्रमाणे, मरणाच्या शुक्रवारसाठी सगळं काढून घेतलं आणि वेदी उघडी झाली. शुक्रवारी त्या उघड्या वेदीसमोर मी पहिल्यांदा खांबामागून पुढे येऊन उभी राहिले. इतकी वर्षं मी ते बघितलंच नव्हतं. आणि रविवारी सकाळी फुलं, मेणबत्त्या, घंटा, आणि आमचं कापड. मावशींनी कोपराने मला ढोसलं. "डावी कडा बघ. तिरकी आहे."

"मावशी, उपवासकाळ."

"संपला," म्हणाल्या. आणि चर्चच्या पायऱ्या उतरल्यापासून घर येईपर्यंत चाळीस दिवसांचे टोमणे मला एकदम मिळाले. समोशासारखी घडी. सांडलेली बाटली. फोन. आईच्या चपला घालून फादरकडे जाणं. एकही विसरल्या नव्हत्या. मी आयुष्यात एवढी खूश कधी झाले नव्हते.

झाडाला फूल आलं का विचाराल. नाही आलं. पहिल्यासारखं ढिम्म उभं आहे.

प्लास्टर निघालं. मनगट जुळलंय पण मूठ पूर्ण मिटत नाही, आणि पिळायचं काम आता त्यांना जमणार नाही असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. मावशी म्हणाल्या, बोटं गेली तरी नावं पाठ आहेत. फक्त मी दोन महिन्यांनी ट्रेनिंगसाठी बाहेरगावी चाललेय. म्हणून हे लिहिलं. त्यांना हात हवेत. नवशिके चालतील, भाविक नसलात तरी चालेल, मीपण कुठे होते. शनिवारी दोनला दुकानाचं अर्धं शटर वर असतं, खाली वाकून आत शिरा. जा आणि मावशींना भेटा, पण लवकर जा, मी इथे असेपर्यंत, म्हणजे ती नऊ चौकोनांची घडी मी तुम्हाला दाखवू शकेन. आणि घंगाळ उचललंत की फोन आधी टेबलावर ठेवा.