दाजींच्या तिसऱ्या मजल्याचा कठडा

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, लालबागमधली सर्वांत लहान पाण्याची बादली आमच्या दाजींनी बनवली होती आणि ती माझ्या शिंकेने उडून कायमची नाहीशी झाली. तुरीच्या दाण्याएवढी होती. आम्ही दोघं तासभर फरशीवर रांगलो. शेवटी दाजी म्हणाले, "पुढच्या टायमाक शिंकूचा आसात तर परळाक जा."

दाजी आमचे चाळीतले शेजारी. हयात माझगावच्या एका फाउंड्रीत लाकडी साचे करण्यात गेली. चाळ पाडली, टॉवरच्या जागी खड्डा राहिला आणि आम्ही सगळे संक्रमण शिबिरात आलो. बाकीचे बिल्डरला शिव्या घालत बसले. दाजींनी चाळ परत बांधायला घेतली. फूटभर उंच, तीन मजली.

पितळेचा इवला नमुना घडवायचा, त्याभोवती रबर ओतून साचा करायचा आणि साच्यात रेझिन ओतून हवे तेवढे तुकडे काढायचे. दारं, नळ, बादल्या. गॅलरीच्या कठड्याचा नमुना बोटाच्या पेराएवढा, त्यात केसासारख्या तारांची वेलबुट्टी. तो घडवला तेव्हा दाजींचे डोळे शाबूत होते. मग काचबिंदू आला. "ही एक चाळ होवंदे," ते म्हणायचे, "मगे काळोख झालो तरी चलात."

पहिल्या दोन मजल्यांचे कठडे निघाले आणि साचा फाटला. रबर तेवढंच टिकतं. उरला तिसरा मजला, म्हणजे दाजींचाच. गणपतीत घरोघर आरती करत निघालो की स्वतःचं घर ते शेवटी ठेवायचे, तसंच हे.

नवा साचा दोन थरांत ओतायचा होता. खालचा थर सुकला की त्यावर व्हॅसलीन लावायचं, नाहीतर रबराला रबर चिकटतं. मला शंभरदा बजावलेलं: "आधी व्हॅसलीन, मगे देव." त्या दिवशी दाजींनी ब्रश फिरवला, पण कोरडाच. व्हॅसलीनची चकाकी त्यांना दिसतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी साच्याची दोन अर्धुकं सुटेनात. सगळा एकच ठोकळा झालेला, नमुना आत. "तू काप, माका दिसना नाय." मी पातं चालवलं. वेलबुट्टीचे तीन तुकडे बाहेर आले. दाजींनी ते बोटांनी चाचपले, सदऱ्याच्या खिशात टाकले आणि म्हणाले, "चल, ती बादली तरी शोधूया."

त्यानंतर त्यांनी कानस हातात धरली नाही. नवा नमुना घडवायला डोळे कुठले?

परवा गणपतीला जुने शेजारी आले. चाळ फ्रिजवर मांडलेली. दाजी तिच्याकडे तोंड करून बसले होते, अंदाजानेच. सगळ्यांनी "वा, वा!" केलं. कठड्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही, असं मी दारातच एकेकाला दटावलं होतं. फक्त सिंधूमावशी उशिरा आल्या. आमच्या मजल्यावरची सगळी पोरं त्यांनीच सांभाळलेली. त्यांनी चष्मा पुसला, वाकून तिसऱ्या मजल्यावर नजर टाकली आणि किंचाळल्या, "अरे दाजी, कठडो खंय? पोरां पडतली मां!"