अर्धी वेणी

भूत, भास, चकवा... असले मजकूर वर्तमानपत्राच्या डेस्कवर आले की मी ते न वाचता बाजूला ठेवत आले. बातमीला साक्षीदार लागतो. या घटनेला हॉलभर साक्षीदार आहेत, तरी ती मला बातमीसारखी मांडता येत नाही.

राजुऱ्याच्या पुढे, कोळसा खाणीचा रस्ता सोडून आत गेले की मुलींची एक जुनी खासगी शाळा आहे, वसतिगृहासह. तिच्या स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास मी लिहीत होते. शाळा काढणाऱ्या मोठ्या बाई जंगलातल्या गावांतून आलेल्या प्रत्येक नव्या मुलीची पहिली वेणी स्वतः घालत. घरी आई घालते, इथे कोण घालणार — एवढेच कारण. त्यांच्यानंतर त्याची प्रथा झाली. स्थापना दिनाला पाहुणीने स्टेजवर एका नव्या मुलीची वेणी घालायची. वेणी दिसावी म्हणून मुलगी हॉलकडे पाठ करून बसते.

माझी आईही पाचवीत याच शाळेत होती. मेसचे जेवण मानवले नाही म्हणून त्याच वर्षी परत आली, असे घरी सांगत.

यंदा पाहुणी मीच होते. मुलगी पाटावर येऊन बसलेली होती, मान खाली. केस टोळीच्या — म्हणजे मोहाच्या बियांच्या — तेलाने निथळत होते. माझी बोटे घसरत होती. मी म्हणाले, "काय गं, केस धुते का तळते तू?"

कॉलरचा माइक चालू होता. हॉल हसला. मागे बसलेल्या पालकांतून एक जण ओरडला, "मॅडम, बेसन आनू का?" पुन्हा हशा. मुलगी अर्ध्या वेणीनिशी उठली आणि स्टेजच्या मागच्या दाराने निघून गेली.

कार्यक्रम संपल्यावर मी माफी मागायला तिला शोधत वसतिगृहात गेले. मुख्याध्यापिका गोंधळल्या. "मॅडम, आमी ठरवलेली पोरगी तं तापानं झोपून आहे. आमाले वाटलं, तुमीच दुसरी बसवली."

नव्या मुली एकेक करून माझ्यासमोर आणल्या. चेहरा मी पाहिलाच नव्हता, पण तसे तेलाने निथळणारे केस एकीचेही नव्हते. फाटकातून एकही मुलगी बाहेर गेली नव्हती. व्हिडिओत ती आहे... पाठमोरी.

संध्याकाळी चंद्रपूरला घरी आले. आई मेथी निवडत होती. पोरगी अर्ध्यातून उठून गेली, एवढेच मी तिला सांगितले. माझे वाक्य सांगितले नाही. लाज वाटली.

आईचे हात थांबले. "माही बी वेनी अर्धीच राह्यली होती. पाहुन्या बाईनं माइकवर म्हटलं — केस धुते का तळते तू? सारा हॉल हासला, बाई. मंग मी गेलीच नाई त्या शाळेत."

"कोण होती ती बाई?"

"मले का माहीत? मान खाली घालून बसली होती मी. तोंड कुठी पाह्यलं तिचं?"

आईने हे लहानपणी कधी तरी सांगितले असेल, ते वाक्य माझ्या डोक्यात राहिले असेल, असा तर्क मी करून पाहिला. आई म्हणते, हे तिने बाबांनाही सांगितलेले नाही. आणि तर्क मान्य केला तरी तो वाक्यापुरता. पाटावरच्या मुलीचे काय?

थोड्या वेळाने आईने विचारले, "तू गेली का त्या पोरीच्या मांगं?"

मी स्टेजवर रिबीन हातात धरून हॉलबरोबर हसत उभी होते.

"गेली ना," मी म्हणाले.

"बरं केलं. मांगं कोनी आलं असतं, तं मी थांबली असती."

ती मुलगी कोण, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. आईला मी खरे सांगितलेले नाही.